दम्याची फाइल

टॅक्टिक्स या शब्दाचा अर्थ मी एकतीस वर्षं मुलांना शिकवला. रायपूरच्या सरकारी शाळेत, हिंदी माध्यमात, फळ्यावर खडूने लिहायची: रणनीति, दांवपेंच. घरी शिकवणीला येणाऱ्या आपल्या मराठी पोरांना सांगायची, डावपेच. अर्थ काही चुकीचा नव्हता. उपयोग मात्र मी समोरच्या घरातल्या बाबाराव लांजेवारांकडून शिकले, आणि शिकले नसते तर बरं झालं असतं. त्यांची बायको शांताबाई जाऊन दोन वर्षं होत आली. आता लिहायला हरकत नाही, कारण आता कोणाचंच काही बिघडणार नाही.

रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आमची दारं एकाच गल्लीत समोरासमोर. बाबाराव मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत होते म्हणून कुटुंब रायपूरला आलं आणि इथलंच झालं. बाबाराव एका सरकारी खात्यात बाबू होते. माणूस किडकिडीत, बोलणं हळू, आणि शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. एक चालणारं, दुसरं न चालणारं. कोणी पेन मागितलं की दुसरं द्यायचे. मागणारा दोनदा घासून बघायचा आणि परत करायचा. "पेनही वाचते अन् नाहीही म्हणावं लागत नाही," असं मला त्यांनी स्वतः समजावून सांगितलं होतं.

असं त्यांचं सगळंच. बँकेत गर्दी असली की हाताला रुमाल गुंडाळून जायचे, म्हणजे जखमी समजून लोक पुढे सोडत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याशी आधी ओळख काढून ठेवायचे. साहेबाच्या खोलीत नेहमी दुसऱ्या नंबरने शिरायचे, कारण पहिल्यावर राग निघतो आणि दुसऱ्याचं काम होतं. माझं तोंड फाटकं आहे. मी त्यांना तोंडावर लबाड म्हणायची. ते रागावत नसत. "हे लबाडी नाही, मास्तरीणबाई. हे टॅक्टिक्स आहे."

हा शब्द त्यांना रायपूरच्याच शंकर नगरात मिळाला होता. खात्याने तिथे दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, कामकाज सुधारण्याचं. बाकीचे बाबू समोसे खाऊन परत आले. बाबाराव मात्र वहीत लिहून घेऊन आले आणि संध्याकाळी थेट माझ्या दारात.

"तुम्ही पोट्ट्यायले चूक शिकवून राहिल्या," म्हणाले.

"काय चूक?"

"स्ट्रॅटेजी अन् टॅक्टिक्स, दोन्हीले तुम्ही रणनीतिच सांगता. दोन्ही एक नाही. लढाई कोणाशी करायची, कायले करायची, हे ठरवणं म्हणजे स्ट्रॅटेजी. ते साहेब लोकायचं काम. अन् आज जो समोर उभा आहे, त्याच्या हातातून निसटायचं कसं, ते टॅक्टिक्स. ते आपलं काम."

"आणि खोटं बोलणं कशात बसतं?"

"खोट्यात दुसऱ्याचं नुकसान होते. टॅक्टिक्समधी कोणाचंच नुकसान होत नाही."

मी हसले. मास्तरीण असून ते वाक्य मी तपासलं नाही, सोडून दिलं.

सरकारी बाबूची लढाई म्हणजे बदली. आमच्याकडे बदल्यांवर बंदी असते. ती उठली की पंधरा-वीस दिवस सगळ्या ऑफिसांत धावपळ, आणि मग यादी निघते. यादीत नाव आलं की गठडं बांधायचं. २००४ साली बाबारावांचं नाव बिजापूरला लागलं. भलामोठा डोंगरपट्टा ओलांडून, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, बस्तरच्या पार टोकाला. त्यांचा मुलगा नीलेश तेव्हा दहावीत. शांताबाईने दोन दिवस चूल नीट पेटवली नाही. योगायोगाने तिला त्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला होता. बाबारावांनी तिचा खोकला ऐकला आणि तिला सरकारी डिस्पेन्सरीत घेऊन गेले. तिथला डॉक्टर ओळखीचा. कागदावर दमा लिहून मिळाला. जुनाट दमा. रुग्णास एकटे ठेवणे धोक्याचे.

अर्ज मी लिहिला. हिंदीत, शुद्ध, माझ्या वळणदार अक्षरात. "महोदय, सविनय निवेदन है कि प्रार्थी की धर्मपत्नी गत कई वर्षों से श्वास रोग से पीड़ित हैं..." त्यातलं "गत कई वर्षों से" हे माझं. बाबारावांनी फक्त "पीड़ित हैं" एवढंच सांगितलं होतं. मला ते शब्द फार छान वाटले होते, हे कबूल करते. बदली रद्द झाली.

एकदा दमा लिहिला की तो पोसावा लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्पेन्सरीत जाऊन नोंद करायची, औषध घ्यायचं, तोंडाने ओढायचा पंप घ्यायचा. पंप कपाटात पडून राहायचे. फाइल मात्र वाढत गेली. बंदी उठायच्या आधी शांताबाईची तयारी चालायची. तशी ती दांडगी बाई. गॅसचं भरलेलं सिलिंडर जिन्यावरून एकटी वर चढवायची. पण डिस्पेन्सरीत जायच्या दिवशी विटकी हिरवी साडी, केसांना तेल नाही, सकाळचा चहाही नाही, म्हणजे चेहरा उतरलेला दिसतो. खोकल्याची तालीम माझ्या ओट्यावर व्हायची. "बाई, हा बरा का आधीचा बरा?" असं विचारायची आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो.

यादीत नाव नाही असं कळलं की शांताबाई मला घेऊन गोल बाजारात जायची आणि स्टीलचा एक डबा घ्यायची. दुकानासमोर भांड्यांवर नाव घालणारा बसायचा. विचारायचा, "क्या लिखूँ?" ती सांगायची, शांता बा. लांजेवार, आणि खाली साल. असे अकरा डबे तिच्या फळीवर ओळीने मांडलेले होते. पाहुणे विचारत, दर डब्यावर वेगळं साल कसं? ती म्हणायची, आमच्याकडे पद्धत आहे.

कोणाचंच नुकसान होत नाही, हे त्यांचं म्हणणं २०१५ साली उघडं पडलं. यादीतलं एक नाव कटलं की त्या जागी दुसरं लागतं. बाबारावांचं कटलं आणि हरिदास मेश्रामचं लागलं, सुकमा, तेही बस्तरच्याच टोकाला. हरिदास त्यांच्याच शाखेतला, नागपूरकडचा, साधा माणूस. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. त्यानेही अर्ज केला होता, पण त्याच्याकडे नुसतं खरं होतं, फाइल नव्हती. सहा महिन्यांनी आई गेली. हरिदास पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

बाबाराव भेटायला गेले. हरिदासने पाणी दिलं, बसवलं, सुकम्याचा विषय काढला नाही. परत आल्यावर बाबाराव माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "त्याच्यापाशी टॅक्टिक्स नव्हतं." मला इतका संताप आला की मी उठून आत गेले. पण पुढच्या वर्षी अर्ज आला तेव्हा लिहूनही दिला. मी काही हरिश्चंद्राची नात नाही.

चार वर्षांनी हरिदास रायपूरला परत आला आणि आस्थापना शाखेचा मुख्य बाबू झाला. म्हणजे सगळ्यांच्या सेवा-पुस्तिका, सगळ्यांच्या पेन्शनचे कागद त्याच्या टेबलावरून जाणार. बाबाराव त्याच्याशी अदबीने वागू लागले. पेन मागितलं तर चालणारं द्यायचे.

२०२४च्या फेब्रुवारीत, बाबारावांच्या निवृत्तीला चार-पाच महिने उरले असताना, शांताबाई एका दुपारी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. हातात भाजीची पिशवी, दुसरा हात छातीवर. तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती.

मी म्हटलं, "अगं, अजून बंदी कुठे उठली? एवढ्यात तालीम?"

ती हसली. हसता हसता तिला धाप लागली आणि पिशवी हातातून सुटली. वांगी माझ्या दारात घरंगळली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नाही हो बाई. आजचं खरं आहे."

माझे ते तालमीचे शब्द मला अजून खातात. ती पहिल्यांदा खरं दुखणं घेऊन माझ्याकडे आली आणि मी तिची थट्टा केली. मग पाहिलं तर पाय सुजलेले, बोटाने दाबलं की खड्डा पडत होता. दोन महिन्यांपासून रात्री उशा लावून बसून झोपायची, नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, आता कायची घाई, मी तर रिटायर होऊन राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डिस्पेन्सरीत गेलो. जुना ओळखीचा डॉक्टर केव्हाच बदलून गेला होता. नवीन पोरगा होता, भला, नम्र. त्याने ती फाइल पहिल्या पानापासून वाचली. कोणी वाचेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. वाचून तो म्हणाला, "माताजी, बीस साल पुराना दमा है. उमर के साथ बढ़ता ही है." मग बाबारावांकडे वळून विचारलं, "तकलीफ पहले जैसी ही है ना? कुछ नया तो नहीं?"

शांताबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मी पण पाहिलं. बाबाराव फाइलकडे बघत होते. एवढंच सांगायचं होतं, की साहेब, पहिलं काही नव्हतं, हे सगळं नवीनच आहे.

"हव सर," बाबाराव म्हणाले. "वैसी ही है."

पोराने नवीन पंप लिहून दिला, गोळ्या वाढवल्या, आणि धूळ-धुरापासून जपायला सांगितलं. मीसुद्धा तिथेच उभी होते. मला तोंड होतं. इतर वेळी तेच तोंड बंद होत नाही म्हणून लोक मला टाळतात.

बाहेर रिक्षाच्या आडोशाला मी त्यांना धरलं. म्हटलं, तुम्हाला लाज वाटत नाही?

"चार महिने, मास्तरीणबाई," ते हळूच म्हणाले. "तीस जूनले मी सुटतो. पेन्शनचे कागद हरिदासच्या टेबलावर आहेत. आज मी फाइल खोटी म्हटली तर अकराच्या अकरा वेळचं बाहेर निघन. हरिदास मले सोडन का? चौकशी लागन, पेन्शन अटकन."

"मग खाजगी डॉक्टरकडे न्या. फाइल घरी ठेवा."

"तेही पाहून घेतलं. खाजगीत रिपोर्ट निघते. रिपोर्टात काही मोठं निघालं तर ऑपरेशन. ऑपरेशनले ऑफिसची मंजुरी. मंजुरीले जुनी फाइल. सगळे रस्ते हरिदासच्या टेबलावरूनच जातात." मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, जणू पोरांना गणित समजावत होते. "एक जुलैले हिले नागपूरले नेतो. नवीन डॉक्टर, नवीन कागद. पहिल्यापासून सगळं खरं सांगतो."

चार चाली पुढचं त्यांना दिसत होतं, आणि शेजारी उभी असलेली बाई दिसत नव्हती. पण त्यांनाच काय म्हणू? शांताबाई रिक्षाला टेकून म्हणाली, "जाऊ द्या बाई. चार महिने काय, निघून जातीन. आतापर्यंत ह्यायचं कधी चुकलं नाही."

मार्च गेला, एप्रिल गेला. ती वेळेवर पंप ओढायची, दमा नसलेल्या छातीत दम्याचं औषध. मेच्या उन्हात तिचं जिना चढणं बंद झालं. मग अंगणात येणं बंद झालं. मी रोज भांडायची. बाबाराव रोज दिवस मोजायचे, कॅलेंडरवर तारखा खोडायचे. स्वयंपाक ते करायला लागले होते, तिचे पाय चेपायचे, वेणी घालून द्यायचे. त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. तसं असतं तर मला त्यांचा रागच करता आला असता, आणि ते फार सोपं गेलं असतं.

मेच्या शेवटी ती मोरीत पडली. त्या दिवशी मी कोणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि एका खाजगी दवाखान्यात नेलं, फाइल न घेता. तिथली डॉक्टरीण मध्यम वयाची होती. तिने छातीला नळी लावली, एक मिनिट ऐकलं, आणि विचारलं, "दमा किसने बोला?" हृदयाची झडप खराब झाली होती. फुप्फुसात पाणी भरलं होतं. म्हणाली, तीन-चार महिने आधी आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. आता शरीर ते सोसणार नाही.

बाबारावांना मी हे तोंडावर सांगितलं. नीलेश हैदराबादहून आला, बापाला विचारत राहिला, "पापा, पहले क्यों नहीं दिखाया?" मराठी त्याला समजतं, पण बोलतो हिंदीच.  नऊ जूनला सकाळी शांताबाई गेली. एकवीस दिवस कमी पडले.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे खोटं कोणाचं, आणि गोटा कोणाच्या कपाळी.

चौथ्या दिवशी हरिदास मेश्राम भेटायला आला. बाबाराव सतरंजीवर बसले होते, मांडीवर ती फाइल. आले-गेले लोक उठून गेल्यावर त्यांनी फाइल हरिदासपुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, खोकला, विटकी साडी, अकरा वेळा. त्याच्या सुकम्याचंही. काहीही लपवलं नाही. म्हणाले, "आता चौकशी लाव, पेन्शन अटकव, तुले जे करायचं ते कर."

हरिदासने फाइल उघडली नाही. म्हणाला, "बाबाराव, मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळ्या ऑफिसले माहीत होतं. मी सुकम्याले गेलो त्याच वर्षी वहिनीले गोल बाजारात पाहिलं होतं. हातात डबा घेऊन हसत चालल्या होत्या."

"मंग बोलला काहून नाही?"

"बोलून मले काय भेटणार होतं? यादी तर निघूनच गेली होती, अन् मंग माय गेली." त्याने फाइल परत बाबारावांच्या मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "तुमचे पेन्शनचे कागद मी मार्चमधीच सही करून पुढं पाठवले. तुम्ही कधी विचारलंच नाही."

बाबारावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला बघवलं नाही. विचारलं असतं तरी कसं? विचारलं तर समोरच्याला शंका येते, हाही त्यांचाच नियम. चार महिने ते ज्या माणसापासून लपत होते, तो लढायला उभाच नव्हता. त्याने त्यांना केव्हाच सोडून दिलं होतं. हरिदासने जाताना शांताबाईच्या फोटोला हात जोडले आणि चप्पल घालून निघून गेला.

तीस जूनला ऑफिसात शाल-श्रीफळ झालं. म्हणे एका नवीन पोट्टीने हौसेने म्हटलं, सर, जाते-जाते एक-दो टॅक्टिक्स तो बता दीजिए. बाबारावांनी नारळ टेबलावर ठेवला आणि भाषण न करता घरी आले. हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

जुलैत एका सकाळी ते माझ्याकडे आले. हातात कोरा कागद होता आणि खिशात एकच पेन.

"एक अर्ज लिहून द्या," म्हणाले.

"कसला?"

"की माझ्या बायकोले दमा नव्हता. कधीच नव्हता. भरलं सिलिंडर वर चढवत होती, तेही लिहा. सरकारी कागदात तिले वीस वर्षं बिमार लिहून ठेवली आम्ही. ते खोडायचं आहे."

मी चष्मा लावला. सवयीने वर डाव्या कोपऱ्यात लिहिलं, "सेवा में," आणि थांबले. विचारलं, "कोणाच्या नावाने लिहू? डिस्पेन्सरीच्या, की खात्याच्या?"

 डिस्पेन्सरीने तिची फाइल बंद केली होती. खात्याशी त्यांचा संबंध संपला होता. हरिदासला सांगून झालं होतं.

"आपण इतके वर्षं ज्याच्याशी लढून राहिलो," ते म्हणाले, "त्याच्याच नावानं लिहा."

"तो कोण, बाबाराव?"

ते गल्लीकडे बघत बसले. समोर त्यांच्या घराचं दार उघडं होतं आणि आत फळीवरचे डबे दिसत होते. म्हणाले, "नाही सांगता येत. राहू द्या मंग."

ते उठून गेले. मग मी तो कागद पुढ्यात घेऊन रडले, शांताबाई गेली तेव्हा रडले नव्हते तेवढी. त्या फाइलमध्ये डॉक्टरांची अक्षरं अनेक आहेत, कोणालाही न लागणारी. अर्ज मात्र अकराही सहज वाचता येतात. ते माझ्या अक्षरात आहेत.